गावदेवीच्या देवळातला थेंब

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाला एक बोअर मिळणार होती. एकच. ती कुठे मारायची हे माझ्या कॉम्प्युटरनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बोअर चुकीच्या जागी गेली असती तर गावाला पुढचा उन्हाळाही खालच्या विहिरीवर काढावा लागला असता. आज हे मजेत सांगतोय, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

कशेळ्याहून थोडं आत आमचं गाव. मी भिसेगावात भाड्यानं राहून बरीच वर्षं नोकरी केली. ती सुटल्यावर गावी परतलो आणि घरबसल्या पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम धरलं. मुंबईचा एक प्रकाशक मेलवर फाइल पाठवतो, मी चुका काढून परत पाठवतो. बायकोच्या मते हेच काम मी लग्नापासून तिच्या बाबतीत फुकट करत आलो आहे, आता फक्त बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं.

कॉम्प्युटर जुना. खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसनं मोडीत काढलेला. त्याच्यावर नवं काही चालेना, म्हणून माझ्या मावसभावानं त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली. त्यानं ते यंत्र हातपाय हलवायला लागलं, आणि माझी छाती फुगली. कशेळे ते कर्जत या अख्ख्या रस्त्यावर लिनक्स वापरणारा मी एकटाच, असं मी लोकांना सांगत सुटलो. कोण तपासायला जातंय! एकदा कशेळ्याच्या जीपमध्ये शेजारच्या माणसालाही ऐकवलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "भाताला चालतं का ते?" त्यानंतर जीपमध्ये सांगणं बंद केलं.

या कामात एक अट असते. फाइल आली की लगेच पोच द्यायची, नाहीतर प्रकाशक ती दुसऱ्याला देतो. दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसणं मला जमत नाही. मधूनच ओटीवर जावं लागतं, बायकोशी वाद घालावा लागतो. म्हणून मेल आली की कॉम्प्युटरनं आवाज द्यायचा, अशी सोय केली होती. आवाजांच्या यादीत चार पर्याय होते. पहिला कुत्र्याच्या भुंकण्याचा. तो मी हौसेनं लावला आणि दोन दिवसांत आळीतली सगळी कुत्री दारात येऊन उत्तर द्यायला लागली. बायकोनं काठी घेतली, कुत्र्यांसाठी की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही. मग मी पाण्याच्या थेंबाचा आवाज लावला. टुप्. एखाद्या खोल भांड्यात वरून थेंब पडावा तसा गार, गोल आवाज. एप्रिलच्या उकाड्यात तो ऐकूनच बरं वाटायचं.

आमच्या घराला लागून गावदेवीचं देऊळ. मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. माझ्या कामाच्या खोलीची खिडकी देवळाच्या खिडकीसमोर उघडते. देवळाच्या पलीकडे काकीचं घर. काकी म्हणजे माझी चुलती. काका जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली, मुलगा पनवेलला असतो, ती एकटी राहते. तिचे गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. लहानपणी आईनं मारलं की मी तिच्याकडे पळायचो, आणि ती आधी तांदळाची भाकरी द्यायची आणि मग स्वतःही एक धपाटा घालायची. एप्रिल लागला की नळाला पाणी येत नाही. मग ती दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत खालच्या विहिरीवर जाते आणि थांबत थांबत हंडा वर आणते. मी आणतो म्हटलं तर म्हणते, "तू आनलेलं पानी मी कदी प्यायचं? तुजी फाइल यायची तवा?"

तर चैत्रात देवीचा उत्सव झाला. जमीन विकून मोठा झालेल्या एका गाववाल्यानं देवळाला ट्रॉली स्पीकर दिला. चाकांचा, कमरेएवढा, पुढे लाल-निळे दिवे नाचणारा. त्यात वायर न लावता फोनवरून गाणी वाजतात. उत्सवाच्या सकाळी ज्याच्या फोनमध्ये भजनं होती त्याचा फोनच बंद पडला, आणि गावकीतले सगळे माझ्याकडे आले. मी खिडकीशी बसून माझा कॉम्प्युटर त्या स्पीकरला ब्लूटूथवरून जोडून दिला. दोन दिवस माझ्या खोलीतून देवळात भजनं गेली. लोकांनी पाठ थोपटली. मी म्हणालो, लिनक्स आहे.

उत्सव झाला तरी स्पीकर चालूच राहिला. त्याचं कारण आमचे गुरव. स्पीकरचं बटण दाबलं की आतून एक बाई खणखणीत इंग्रजीत काहीतरी जाहीर करते. गुरव पहिल्यांदा घाबरले आणि मग चिडले. "देवीम्होरं दुसऱ्या बाईनं येवड्या जोरात बोलायचं हे काय बरं दिसत नाय," असं म्हणून त्यांनी स्पीकर बंदच करायचा नाही असं ठरवलं. बंद केला नाही तर चालू करावा लागणार नाही, आणि बाई बोलणार नाही. वायर कायमची भिंतीत, नाचणाऱ्या दिव्यांवर चिकटपट्टी, आणि आवाज इतका बारीक की देवळाबाहेर जाऊ नये. जोडणी मात्र कोणी तोडली नाही. ती तोडायचं काम माझं होतं, आणि मी त्या वेळी कौतुक करून घेत होतो.

दोन दिवसांनी प्रकाशकाचा फोन आला. तीन फाइली पाठवल्या, एकीचीही पोच नाही, तब्येत बरी आहे ना? मी पाहिलं तर मेली येऊन पडलेल्या. थेंब काही वाजला नव्हता.

इथून माझी तपासणी सुरू झाली. आवाज वाढवून पाहिला. तो आधीच पूर्ण होता. मूक तर नाही ना केला? नाही. "व्यत्यय नको" असं एक बटण असतं, ते दाबलं गेलंय का? नाही. मेलच्या प्रोग्रॅममध्ये आवाजासमोरची खूण आहे का? आहे. टेबलावरच्या स्पीकरची वायर काढून पुन्हा घातली, उलटसुलट केली, फुंकर मारली. बायको म्हणाली, "मारुतीच्या शेंदरासारखं लावा त्याला काहीतरी." मी तिला सांगितलं, हे शास्त्रशुद्ध चाललंय.

गोंधळात पाडणारी गोष्ट अशी, की हेडफोन घालून काही ऐकलं तर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे यंत्राचा गळा शाबूत होता. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज आपापल्या वाटेनं जातो, आणि एकदा धरलेली वाट तो लक्षात ठेवतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच वाटत होतं, की माझ्या मेलीनंच माझ्याशी अबोला धरलाय.

सेटिंगमध्ये आवाज कुठून काढायचा त्याची यादी होती. तीन नावं. एकात हेडफोन असं स्पष्ट लिहिलेलं. उरलेली दोन म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखी. त्यातलं लांबलचक नाव आधीच निवडलेलं होतं. मी त्याला हात लावला नाही. यंत्रानं स्वतः निवडलंय म्हणजे विचार करूनच निवडलं असणार. दुसऱ्यांच्या पानापानांवर चुका काढणाऱ्या माणसाला आपल्या पडद्यावरची एक ओळ तपासावीशी वाटली नाही. त्या नावासमोर चाचणीचं बटण होतं. ते दाबलं की डावा आणि उजवा स्पीकर वाजून दाखवायचा असतो. मी दाबलं, स्पीकरला कान लावला. काही नाही. पुन्हा दाबलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी ते बटण बरंच दाबलं असेल.

शेवटी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर प्रश्न टाकला. आवाज येत नाही, काय करावं? कोणा जाणकारानं तासाभरात उलटा प्रश्न केला, की आवाज कुठे जातोय ते पाहिलंत का? मला असा राग आला! येतच नाही तर जाणार कुठे? मी तसंच लिहिलं. त्यावर त्यानं शांतपणे लिहिलं, की लिनक्समध्ये आवाज हरवत नसतो, तो कुठेतरी वाजतच असतो. मी म्हटलं, हा माणूस अध्यात्मातला दिसतो, आणि पडदा बंद केला.

तो कुठे वाजत होता ते काकीला पहिल्यांदा कळलं.

उन्हाळ्यात दुपारी काकी देवळात जाऊन बसते. फरशी गार असते. प्रकाशकाच्या ऑफिसात जेवणाआधी कामं उरकायची घाई असते, म्हणून माझ्या बऱ्याचशा मेली बारा ते एक या वेळात येतात. बुधवारी दुपारी काकी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती आणि तिला ऐकू आलं, टुप्. थोड्या वेळानं पुन्हा, टुप्. तिनं वर पाहिलं. छप्पर कोरडं. पाऊस यायला दोन महिने. नळ कोरडा, घंगाळ कोरडं. तिसऱ्या टुप्‌ला ती फरशीला कान लावून आडवी झाली.

मी खिडकीतून ते पाहिलं आणि बायकोला म्हणालो, "बघ, काकी देवळातच झोपायला लागली." मी पुन्हा वायरींच्या मागे लागलो.

संध्याकाळी बायको विहिरीवरून बातमी घेऊन आली. देवळाखाली झरा आहे. काकीनं स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात पाच-सहा बाया, शुक्रवारी बारा-पंधरा. काहींना ऐकू आलं, काहींना नाही. ज्यांना नाही त्या म्हणाल्या, देवी सगळ्यांना ऐकवत नाही. खरं म्हणजे त्या जरा उशिरा पोचल्या होत्या, आणि तोवर प्रकाशक जेवायला गेला होता. काकी मात्र रोज वेळेवर हजर. ती पुढे बसायची आणि आवाज आला की नुसतं बोट वर करायची. बाया गप्प व्हायच्या. आयुष्यात पहिल्यांदा गाव तिच्या बोटाकडे बघत होतं.

आता बोअरचं सांगतो. ती जागा आधीच ठरली होती, खाली ओढ्याकाठी, उंबराच्या पलीकडे. तिथली माती जुलैपासून डिसेंबरपर्यंत ओली असते, त्यामुळे पाणी लागण्याची खात्री. विहिरीपेक्षा ते जवळ, पण तरी चढ होताच. देवळापाशी मात्र सगळा कातळ. मशीन सोमवारी यायची होती. एकदा तिनं भोक पाडलं आणि कोरडं निघालं तर दुसरं मिळणार नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण देवळाखाली झरा वाहत असेल तर ओढ्याकाठी कोण कशाला जाईल? आणि काकीच्या दारापासून देऊळ दहा पावलं. तिनं कोणाला तसं बोलून दाखवलं नाही, पण हंडा घासूनपुसून ओटीवर पालथा घातला होता.

शनिवारी गावकीनं पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, जिथे पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, अशी त्याची रीत. चांगलं नाव असलेला माणूस. तो देवळात शिरला, मागे अर्धं गाव, पुढे काकी. मी घरात होतो. कॉम्प्युटर चालूच ठेवून त्याचं मागचं झाकण उघडून, तोंडात स्क्रू धरून, जमिनीवर बसलेलो. पलीकडे काय झालं ते मला नंतर पाच जणांनी पाच तऱ्हांनी सांगितलं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. पाणाड्या ट्रॉली स्पीकरपासून दोन हातांवर आला आणि नेमकी तेव्हा प्रकाशकाची फाइल आली. टुप्. पाणाड्या दचकला, नारळ उभा राहिला, आणि लोकांनी हात जोडले.

रविवारी सकाळी गावकी बसून जागा पक्की करणार होती. आता पक्की करायला काही उरलंच नव्हतं.

शनिवारीच ऊन उतरल्यावर गुरव माझ्याकडे आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "तुला यंत्रातलं कळतं म्हनून इचारतो. ती आमची बाई हाय ना, मशीनमदली. ती बटन न दाबता बोलाया लागली रं."

"काय बोलते?"

"आता मला विंग्रजी कुठं येतंय? फरंट लेप, फरंट रायट, आसं कायतरी. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. नऊ येळा बोलली. मी मोजलं. देवीम्होरं नऊ म्हंजे त्याला काय तरी अर्थ आसंल."

त्याला अर्थ होता. तो मीच होतो. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. डावा स्पीकर, उजवा स्पीकर. मी बटण दाबत होतो आणि माझ्या टेबलाला कान लावून बसलो होतो, आणि चाचणीची बाई भिंतीपलीकडे देवीला दिशा सांगत होती.

गुरवांना तसंच सोडून मी आत पळालो. झाकण लावलं, यंत्र सुरू केलं, त्या यादीत गेलो. लांबलचक नावावरून बोट उचललं, आखूड नावावर ठेवलं, बटण दाबलं. माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर, बाई म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." मी टाळीच वाजवली. आठवडाभराचा त्रास, उलटसुलट केलेली वायर, मंचावरचा तो आध्यात्मिक गृहस्थ, सगळं एका क्षणात सुटलं. इतका आनंद मला मोठाल्या ग्रंथातली चूक सापडल्यावरही झाला नव्हता. स्वतःलाच एक मेल पाठवली. टुप्. आहाहा.

मग मला पाणाड्याचा नारळ आठवला आणि मी खुर्चीत बसलो.

ओटीवर गुरवांनाही सगळं समजावलं. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. "म्हंजे देवीचं कायच नाय त्यात?" "नाही." त्यांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, "बरं झालं. मला त्या बाईचं लय टेन्शन आलं व्हतं." उद्या मीच सगळ्यांना सांगतो, तोवर कोणाला बोलू नका, असं मी त्यांना बजावलं. गुरव शब्दाला जागले. त्यांनी फक्त आपल्या बायकोला सांगितलं, आणि तिनं मात्र कोणालाच नाही.

माझ्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे देवळाखाली पाणी नाही?"

"नाही."

"आणि काकी?"

"काकीचं काय? उद्या सगळ्यांबरोबर कळेल तिला."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि भाकऱ्या थापायला गेली. मला तिच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. मी माझ्या नाकाच्या काळजीत होतो. अख्ख्या रस्त्यावरचा एकमेव लिनक्सवाला, आणि त्याच्या यंत्रानं गावाला झरा दाखवला! हे नाक कसं वाचवायचं? विचार करता करता एक युक्ती सुचली. नुसतं कबूल केलं तर लोक मला हसतील. पण करून दाखवलं तर? मग ती चूक न राहता शोध होईल. हे सुचल्यावर मला छान भूक लागली.

रविवारी सकाळी देवळात गावकी भरली. पुरुष पुढे, बाया खांबांपाशी, काकी त्यांच्यात सगळ्यांत पुढे. मी घरून निघताना कॉम्प्युटरचा आवाज पुन्हा देवळाच्या वाटेला लावून आलो होतो. खिडकीत बायको फोन घेऊन उभी. मी बोलायला उठलो आणि म्हणालो, "मंडळी, देवळात पाणी आहे असं म्हणतात. मी आत्ता ते पाडून दाखवतो." हात वर केला. बायकोनं मेल पाठवली.

टुप्.

लोक चरकले. मी पुन्हा हात वर केला. टुप्. कोणीतरी "आई गं" म्हणालं. मी खिशातून रुमाल काढून एखाद्या जादूगारासारखा झटकला, तिसऱ्यांदा हात वर केला. टुप्. आणि मग मी स्पीकरजवळ गेलो, त्याच्यावर हात ठेवला, आणि सगळं सांगितलं. भजनं, ब्लूटूथ, मेली, नऊ वेळा बोललेली बाई. मला वाटतं, मी जरा जास्तच रंगवून सांगितलं. पाणाड्याच्या नारळाचं तर मी अभिनयासकट केलं. तो बिचारा तिथे नव्हता.

आधी एक जण फिसकन हसला. मग सगळं देऊळ हसायला लागलं. म्हातारे डोळे पुसत होते. गुरव नऊ वेळांचं पुन्हा पुन्हा सांगत होते. एका मामांनी खांबांकडे वळून मोठ्यानं म्हटलं, "ए काकी, जा गं, हंडा घेऊन ये. तुजं पानी मेलवर आलंय!" त्यावर हसू दुप्पट झालं. कोणीतरी काकीसारखं बोट वर करून दाखवलं. दुसऱ्यानं फरशीला कान लावला. मीही हसत होतो. माझं नाक वाचलं होतं.

काकी हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. बायांमधून वाट काढून ती आपल्या घरी गेली. त्या गोंधळात तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

सोमवारी मशीन आली, ओढ्याकाठी बोअर मारली, आणि पाणी लागलं. चांगलं लागलं. गावात माझं नाव झालं. याच्यामुळे बोअर वाचली, असं लोक माझ्यासमोर एकमेकांना सांगत. मी म्हणायचो, छे छे, लिनक्स आहे. ब्लूटूथची जोडणी मी तोडून टाकली होती. थेंब पुन्हा माझ्या खोलीत वाजत होता आणि एकही फाइल चुकत नव्हती.

काकी मात्र माझ्याशी बोलेना. समोरून हंडा घेऊन गेली तरी मान वर करायची नाही. दुपारी देवळात येणं तिनं बंद केलं. बायकोनं तिच्याकडे कैरीचं लोणचं पाठवलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, मूठभर तांदूळ तरी घालून देतात. काकीनं वाटी घासून लखलखीत करून पाठवली. आत काही नव्हतं. बायकोनं ती वाटी माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी आणून ठेवली.

मला आधी राग आला. मी काय वाईट केलं? पाणी नव्हतंच तर नाही म्हणून सांगितलं. तिच्या दारात कोरडं भोक पाडू द्यायचं होतं का? हे सगळं मी बायकोला ऐकवलं. मग कॉम्प्युटरला ऐकवलं. चार दिवसांनी माझा राग संपला, पण वाटी तिथेच होती. संध्याकाळी मी बोअरवरून हंडा भरला, चढ चढून काकीच्या ओटीवर गेलो. चढ पुष्कळ होता. मला दम लागला.

ती तांदूळ निवडत बसली होती. हंड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काकी, देवळाखाली पाणी नव्हतं गं," मी म्हणालो. "असतं तर मला काय नको होतं? बोअर फुकट गेली असती."

"ते मला कळतंय," ती म्हणाली. "मी काय येडी हाय का? पानी न्हवतं त्याचं मला वाईट नाय वाटलं. जन्मभर न्हवतंच दारात."

"मग?"

तिनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "गुरवानं तुला कदी सांगितलं?"

"शनिवारी. संध्याकाळी."

"आनि सगळ्यांस्नी तू कदी सांगितलंस?"

"रविवारी सकाळी."

"तुजं दार आनि माजं दार, मधी येक देऊळ," ती म्हणाली. "गावात आवाज पयला मी सांगितला व्हता. बोट मी वर करत व्हते. फरशीला कान मी लावला व्हता. तू त्या सगळ्यांच्या म्होरं खेळ केलास, आनि मी तिथं खांबाशी बसलेली."

मी माझं नाक वाचवत होतो, आणि दुसरंही कोणाचं नाक त्या देवळात होतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. एवढंच म्हणता आलं, "काकी, चुकलं माझं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"पयलं मला येऊन सांगायचं व्हतंस रं," ती म्हणाली. "मी बी हसले आसते की."